पीआरचा अर्ज टाकलाय, पण तोवर राहायचं कोणत्या कागदावर?

मुंबईत लोकलचा पास काढायला तुम्ही रांगेत उभे आहात. फॉर्म भरून झालाय, पैसे मोजून हातात धरलेत, पुढे दहा माणसं आहेत. तेवढ्यात गाडी लागली म्हणून चढलात आणि पुढच्या स्टेशनात टीसीने हात पुढे केला. ‘पास काढतोय ना’ हे त्याच्या लेखी उत्तरच नाही. पास हातात पडेपर्यंत रोजचं तिकीट रोज काढावंच लागतं.

कॅनडात नवऱ्याकडे किंवा बायकोकडे व्हिजिटर म्हणून आलेल्या आणि इथेच राहून पीआरची म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीची वाट बघणाऱ्या माणसाची गत नेमकी हीच आहे. इथल्या जोडीदाराने पीआरसाठी भरलेला स्पॉन्सरशिपचा अर्ज म्हणजे पासाची रांग. रोजचं तिकीट म्हणजे व्हिजिटर स्टेटस, पाहुणा म्हणून ठरलेल्या मुदतीपर्यंत राहण्याची परवानगी. या दोन वेगवेगळ्या फायली आहेत, त्यांचे फॉर्म वेगळे, फी वेगळी, तपासणारे अधिकारी बहुधा वेगळे. पीआरची फाईल पुढे सरकतेय म्हणून व्हिजिटरची मुदत आपोआप वाढत नाही. आणि इथे टीसी अचानक गाठत नाही, हीच मोठी फसगत आहे. मुदत संपल्याचं पत्र येत नाही, फोन येत नाही, दारावर कोणी टकटक करत नाही. चार महिन्यांनी वर्क परमिटचा अर्ज भरताना ‘तुमचं सध्याचं स्टेटस कधीपर्यंत आहे?’ हा रकाना समोर येतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

मी वकील नाही, लायसन्सवाला सल्लागारही नाही. टोरंटोजवळच्या मिसिसागात राहतो, आणि ओळखीच्या चार घरांत जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलोय. दर वेळी गाडी याच चार-पाच ठिकाणी अडकते, म्हणून हे लिहितोय. बोलताना मी ‘ती’ म्हणेन, कारण आमच्याकडे बहुतेक वेळा मुलगी भारतातून येते. पण एका घरात वाट बघणारा जावई होता, आणि नियम त्यालाही तेच होते.

व्हिसाची तारीख आणि मुक्कामाची तारीख

पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर पुढच्या कुठल्यातरी सालातली तारीख असते, आणि ती बघून घर निर्धास्त होतं. ती तारीख दारापुरती आहे. त्या दिवसापर्यंत कॅनडाच्या दाराशी येऊन ‘आत येऊ का?’ असं विचारता येतं, एवढाच तिचा अर्थ. आत घेतल्यावर किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याने शिक्क्यापाशी हाताने तारीख लिहिली असेल किंवा वेगळा कागद दिला असेल, तर ती तारीख. काहीच लिहिलं नसेल तर आलेल्या दिवसापासून सहा महिने. हल्ली मोठ्या विमानतळांवर यंत्रापुढे उभं राहून काम उरकतं आणि कधी कधी शिक्काही बसत नाही. तरी हिशोब सहा महिन्यांचाच. म्हणून बोर्डिंग पास फेकू नका, आलेली तारीख सिद्ध करायला तोच उपयोगी पडतो.

आणखी एक. पासपोर्ट जिथे संपतो, त्यापुढचा मुक्काम मिळत नाही. पासपोर्टचे जेमतेम आठ महिने उरले असतील तर वर्षभराची मुदतवाढ मागून उपयोग नाही. लग्नानंतर नाव बदलून नवा पासपोर्ट करायचाच असेल, तर तो भारतातून निघण्याआधी करून घेतलेला बरा. इथे आल्यावर मध्येच पासपोर्ट बदलला की सगळ्या फायलींना तसं कळवत बसावं लागतं.

व्हिजिटर रेकॉर्ड नावाचा कागद

मुक्काम वाढवण्यासाठी जो अर्ज करायचा त्याचा फॉर्म आयएमएम ५७०८. फी १०० कॅनेडियन डॉलर. अर्ज ऑनलाइन, आयआरसीसीच्या म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरून. मुदत संपण्याच्या निदान ३० दिवस आधी करा असं खातं सांगतं. मंजूर झाला की ‘व्हिजिटर रेकॉर्ड’ नावाचा कागद मिळतो. त्यावर नवी तारीख असते, आणि त्या तारखेपर्यंत ती कायदेशीर मुक्कामी.

हा कागद व्हिसा नाही. इथे भले भले फसतात. व्हिजिटर रेकॉर्ड खिशात घेऊन साताऱ्याला जाऊन आलो असं होत नाही. परत यायला वैध व्हिसाच लागतो, आणि आल्यावर अधिकारी नव्याने मुदत ठरवतो. पूर्वी भारतीयांना पासपोर्टच्या मुदतीपर्यंतचा, दहा दहा वर्षांचा व्हिसा सर्रास मिळायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्याने सूचना बदलल्या आणि किती मुदतीचा, किती वेळा येण्याचा व्हिसा द्यायचा हे अधिकाऱ्याच्या अंदाजावर सोडलं. त्यामुळे ‘व्हिसा आहेच की’ हे आता आधी व्हिसा उघडून बघावं आणि मग म्हणावं.

आता या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट. जुन्या मुदतीच्या आत अर्ज पोचला आणि निकाल लागण्याआधी ती मुदत संपली, तर स्टेटस जात नाही. निकाल लागेपर्यंत जुन्याच अटींवर राहता येतं. याला पूर्वी ‘इम्प्लाइड स्टेटस’ म्हणायचे, आता ‘मेन्टेन्ड स्टेटस’ म्हणतात. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून पहिलंच नाव आहे. त्यासाठी वेगळा दाखला येत नाही. अर्ज पोचल्याची पोच आणि फीची पावती, हाच पुरावा. दोन्ही छापून पासपोर्टात ठेवा.

‘जुन्याच अटींवर’ हे शब्द मात्र नीट वाचायचे. व्हिजिटर असताना नोकरीची परवानगी नव्हती, तर या काळातही नाही. आणि देश सोडला की हे संरक्षण संपतं, कारण ते फक्त इथे हजर असलेल्या माणसाला आहे.

एक हिशोब मांडून बघू. समजा साताऱ्याची एक मुलगी १० जानेवारीला टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरली. शिक्क्यापाशी तारीख लिहिलेली नाही, म्हणजे मुदत १० जुलैपर्यंत. कागद जमवता जमवता स्पॉन्सरशिपचा अर्ज पोर्टलवर चढायला एप्रिल संपला. आता वाट एओआरची. एओआर म्हणजे अर्ज पूर्ण आहे, तपासायला घेतलाय, अशी खात्याची पोच. ती पोर्टलवर ‘सबमिट’ दाबल्या दाबल्या येणारी पोच नव्हे. आधी कोणीतरी फाईल उघडून सगळे कागद आहेत का बघतं, एखादी सही राहिली असेल तर अख्खा अर्ज परत येतो. त्यामुळे एओआर जुलैच्या आत येईल यावर कोणी पैज लावू नये. शहाणपण हे, की जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने ५७०८ भरून टाकावा. १० जुलै येईल आणि जाईल, तिचं स्टेटस टिकून राहील. ऑगस्टमध्ये एओआर आली की तिथून वर्क परमिटचा अर्ज करता येतो.

यात एक खाच आहे. मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना वर्क परमिटचा अर्ज टाकला, आणि मग मुदतवाढच नाकारली गेली, तर त्या दुसऱ्या अर्जाच्या पायाखालची जमीन जाते. २०२५ पासून खातं याबाबत कडक झालंय. म्हणून ‘नुसतं १०० डॉलर भरून वेळ काढायची’ या वृत्तीने मुदतवाढीचा अर्ज करू नका. त्याला पीआरच्या अर्जाइतकाच मान द्या.

पत्रात खरं काय ते लिहा

मुदतवाढीच्या अर्जासोबत एक पत्र जोडायचं असतं, मुक्काम का वाढवायचाय ते सांगणारं. अर्जाचा जीव या एका पानात असतो, आणि लोक इथेच सगळ्यात जास्त खोटं लिहितात. म्हणजे चोरी करायची म्हणून नाही, भीतीपोटी. व्हिजिटरने ‘मला इथे कायम राहायचंय’ म्हटलं तर हाकलून देतील, असा समज. मग पत्रात येतं: नायगारा बघायचा राहिलाय, पानगळीचे रंग बघायचेत, मॉन्ट्रियलला जायचंय. अहो, नायगारा बघायला सहा महिने पुरतात हे अधिकाऱ्यालाही कळतं. आणि त्याच्यासमोरच्या संगणकावर तिच्याच नावाची स्पॉन्सरशिपची फाईल दिसत असते.

कायद्याने ही भीती काढून टाकलेली आहे. २००१ च्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टचं कलम २२(२) सांगतं, की कायम राहण्याचा इरादा असला म्हणून तात्पुरत्या मुक्कामाला कोणी अपात्र ठरत नाही. फक्त मुदतीअखेर ती देश सोडेल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. याला दुहेरी हेतू म्हणतात. पीआर मिळाली तर राहीन, नाही मिळाली आणि मुदतही संपली तर परत जाईन. दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी खरी असू शकतात, हे कायद्याने मान्य केलंय.

तेव्हा पत्र सरळ लिहायचं. अमुक तारखेला आले, अमुक माणसाशी लग्न झालंय, त्याने अमुक तारखेला माझी स्पॉन्सरशिप भरली, हा अर्जाचा क्रमांक, निर्णय होईपर्यंत नवऱ्यासोबत राहायचं आहे, खर्च तो करतो, त्याचे पगाराचे कागद आणि बँकेचे तपशील सोबत आहेत, घराचा भाडेकरार सोबत आहे, आणि अर्ज नामंजूर झाला तर मुदतीत परत जाईन. एवढंच. परत जाण्याचं म्हणणं पोकळ वाटू नये म्हणून भारतात काय आहे ते दाखवा. आईवडील, घर, बिनपगारी रजेवर ठेवलेली नोकरी, जे खरं असेल ते. किती मुदत मागायची? पीआरला लागणारा अंदाजे वेळ धरून मागा. सहा महिनेच मागून परत सहा महिन्यांनी तेच करण्यात दोनदा फी आणि दुप्पट काळजी.

भारतातून आलेल्या माणसाचा एकूण मुक्काम सहा महिन्यांपुढे जाणार असेल तर वैद्यकीय तपासणी लागते, आणि ती खात्याने नेमलेल्या डॉक्टरकडूनच. पीआरसाठी अशी तपासणी झाली असेल तर तिचा क्रमांक इथेही द्या. निकाल साधारण १२ महिने ग्राह्य असतो.

इनलँड की आउटलँड

स्पॉन्सरशिप दोन वाटांनी भरता येते. इनलँड वाटेला नवरा-बायको कॅनडात एकत्र राहत असले पाहिजेत. आउटलँड वाट मुळात परदेशात असलेल्या जोडीदारासाठी, पण ती भरून कॅनडात व्हिजिटर म्हणून राहायला बंदी नाही. हे दुसरं वाक्य पुष्कळांना माहीतच नसतं. ‘मी इथे आहे म्हणजे इनलँडच’ असं धरून चालतात.

फरक दोन ठिकाणी जाणवतो. पहिला प्रवासाचा. इनलँड अर्ज चालू असताना ती भारतात गेली आणि काही कारणाने परत येता आलं नाही, तर अर्जच संपू शकतो, कारण त्याची अटच इथे एकत्र राहण्याची आहे. आउटलँडमध्ये जाण्यायेण्याने अर्जाला धक्का लागत नाही. गावाकडे आजी अंथरुणाला खिळलेली असेल, धाकट्या भावाचं लग्न ठरत आलं असेल, तर मी डोळे मिटून आउटलँड सुचवतो. दुसरा फरक नकाराचा. आउटलँड अर्ज फेटाळला तर स्पॉन्सरला ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं, तिथे नवे पुरावेही मांडता येतात. इनलँडला ते दार नाही, थेट फेडरल कोर्ट गाठावं लागतं, आणि तिथे तपासतात ते निर्णय योग्य रीतीने झाला की नाही एवढंच.

एके काळी इनलँडचं मोठं आकर्षण होतं ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही एका मालकाशी न बांधलेला कामाचा परवाना. डिसेंबर २०१४ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झालेली ही सोय इनलँडवाल्यांनाच होती. मे २०२३ मध्ये ती कॅनडात स्पॉन्सरसोबत एकाच पत्त्यावर राहणाऱ्या आउटलँडवाल्यांनाही खुली झाली. त्यानंतर इनलँडच निवडण्याचं कारण बरंच पातळ झालं. खात्याने फॅमिली क्लाससाठी, म्हणजे आउटलँड अर्ज ज्या वर्गात मोडतो त्यासाठी, ठेवलेलं उद्दिष्ट १२ महिन्यांचं आहे. इनलँडला त्याहून बरंच जास्त लागलेलं मी पाहिलंय. क्युबेकमध्ये राहत असाल तर मात्र गणित वेगळं. तिथे प्रांताची स्वतःची मंजुरी लागते, आणि २०२४ च्या जूनपासून प्रांताने अर्जांच्या संख्येवरच मर्यादा घातली.

फराळाच्या ऑर्डरी आणि पुण्याची नोकरी

वर्क परमिटची फी १५५ आणि ओपन परमिटचे १०० मिळून २५५ डॉलर. परमिट हातात येईपर्यंत काम करायचं नाही. आता काम म्हणजे काय? कायद्याची व्याख्या रुंद आहे: ज्याचे पैसे मिळतात ते, किंवा इथल्या कामगारांशी थेट स्पर्धा होईल असं काहीही, पैसे न घेता केलं तरी.

म्हणून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणं हेही काम. चकल्यांचे पन्नास डॉलर रोख घेतले, कुठे नोंद नाही, कोणाला कळणार आहे? बहुतेक वेळा नाही कळत. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दरपत्रक फोटोसकट फिरत असतं, आणि पुढे फॉर्ममध्ये ‘परवानगीशिवाय काम केलं आहे का?’ हा प्रश्न सही करून उत्तरायचा असतो. चकलीसाठी खोटी सही करू नये. ओळखीपाळखीत नुसता फराळ वाटायला अर्थातच कोणी आडवं येत नाही.

पुण्याच्या कंपनीतली नोकरी इथून लॅपटॉपवर करता येते का, हा हल्लीचा प्रश्न. मालक परदेशातला, गिऱ्हाईक परदेशातलं, पगार परदेशातून, तर व्हिजिटर म्हणून असं काम चालतं, असं आयआरसीसी स्वतःच ‘डिजिटल नोमॅड’ या नावाखाली सांगतं. एका वेळी सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाच्या संदर्भात ते सांगितलंय, हे लक्षात ठेवा. टॅक्सची भानगड वेगळी. तिथे १८३ दिवसांची मोजणी सुरू होते, ती सीएकडे नेऊन सोडवा. रिकाम्या वेळात काही शिकायचं असेल तर सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स व्हिजिटरला स्टडी परमिटशिवाय करता येतो. फ्रेंच शिका, हिवाळा लवकर सरतो.

कागदावरचं लग्न आणि मांडवातलं लग्न

आता जरा थांबून बोलायचा विषय, कारण हा घोळ खास आपला आहे.

परदेशी स्थळ असलं की घरचे मुहूर्ताआधीच लग्नाची नोंदणी उरकून घेतात. मांडव डिसेंबरमध्ये, रजिस्टरवर सह्या जुलैमध्ये, ‘व्हिसाचं काम सुरू होईल ना.’ आणि मधल्या पाच महिन्यांत सगळे तिला अविवाहित समजतात, तीसुद्धा स्वतःला तसंच समजते. मंगळसूत्र नाही, सासरी गेलेली नाही, लग्न कुठे झालंय अजून? कॅनडाच्या लेखी जुलैतच झालं. त्या पाच महिन्यांत व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरून त्यात ‘अविवाहित’ लिहिलं, तर ती चुकीची माहिती ठरते. आणि चुकीच्या माहितीचा ठपका सिद्ध झाला तर पाच वर्षांची बंदी आहे.

याहून भयंकर प्रकार मुलाच्या बाजूने होतो. त्याची स्वतःची पीआर अजून प्रलंबित आहे, जुलैत सह्या झाल्या, सप्टेंबरमध्ये पीआर मिळाली, आणि ‘लग्न डिसेंबरमध्ये आहे’ म्हणून त्याने बायको असल्याचं कळवलंच नाही. इमिग्रेशनच्या नियमावलीतल्या कलम ११७(९)(ड) नुसार, पीआर होताना न दाखवलेला आणि त्यामुळे तपासला न गेलेला जोडीदार फॅमिली क्लासमधून बाद होतो. इनलँडच्या वर्गालाही तसंच कलम आहे. मोजक्या प्रकरणांत सूट देणारं एक धोरण २०१९ मध्ये आलं, पण त्याच्या भरवशावर कोणी सह्या लपवू नयेत. सही झाली त्या दिवसापासून विवाहित, मग अक्षता कधीही पडोत.

ज्या घरांत उलटं असतं, म्हणजे मांडव आधी आणि नोंदणी नंतर, तिथे अडचण कमी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाह निबंधकाकडून ‘नमुना ई’मधलं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर मजकूर मराठीत असेल तर भाषांतर जोडावं लागतं, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही, मग आत्या इंग्रजीची प्राध्यापक असली तरी. नावांचा गुंता आणखी निराळा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर ते नवऱ्याचं, आणि काही घरांत अजून लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, पत्रिकेत तिसरं. फॉर्ममध्ये ‘आणखी कोणत्या नावांनी ओळखले जाता’ असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. सगळी नावं लिहा. लपवल्यासारखं वाटण्यापेक्षा जरा जास्त वाटलेलं चालतं.

आणि ठरवून केलेलं लग्न. अधिकाऱ्याला बघण्याचा कार्यक्रम माहीत असतोच असं नाही. दोन रविवारी भेटले आणि सहाव्या आठवड्यात बोहल्यावर चढले, हे वाचून त्याला शंका येऊ शकते, कारण फक्त पीआरसाठी केलेलं लग्न शोधणं हे त्याचं कामच आहे. तेव्हा स्थळ कोणी सुचवलं, घरचे कधी भेटले, साखरपुडा कधी, हे चार ओळींत सांगा. स्टुडिओतल्या दोनशे फोटोंपेक्षा वरातीत घामाघूम झालेल्या काकांसोबतचे दहा फोटो जास्त बोलतात. सोबत रोजच्या जगण्याचे कागद: दोघांच्या नावाचं बँक खातं, भाडेकरारावर तिचं नाव, एकाच पत्त्यावर येणारी पत्रं. व्हिजिटरचंही नाव भाडेकरारात घालता येतं. घरमालकाला नुसतं विचारावं लागतं, आणि लोक तेवढंच करत नाहीत.

मुदत हुकली तर

झालं, लक्षात राहिलं नाही, १० जुलै उलटून गेला. तरी ९० दिवसांची एक खिडकी आहे, तिला रिस्टोरेशन म्हणतात. वेगळा अर्ज, २०० डॉलरच्या वर फी, आणि का चुकलं याचं प्रामाणिक कारण. निकाल लागेपर्यंत स्टेटस नसतं, म्हणजे हा मेन्टेन्ड स्टेटसचा भाऊ नव्हे. मुदतवाढ नाकारली गेली तरी हीच ९० दिवसांची सोय नकाराच्या दिवसापासून मिळते.

तेही हुकलं तर? इनलँड अर्जदारांसाठी फेब्रुवारी २००५ पासून एक धोरण आहे, ज्याखाली मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा किंवा परवानगीशिवाय काम केल्याचा दोष पीआरच्या आड येऊ देत नाहीत. लग्न खरं असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर. शेजारच्या ब्रॅम्प्टन शहरातल्या चहाच्या टेबलांवर हे धोरण ‘काही होत नाही हो, इनलँडला सगळं माफ असतं’ या रूपात फिरतं. अर्धंच खरं. माफी मिळते ती पीआर देताना. मधल्या काळात ती बेकायदेशीरच असते, आणि काही कारणाने पीआर नाकारली गेली तर हातात काहीच उरत नाही. आउटलँड अर्जदाराला तर या धोरणाचा आधारच नाही. आणि खोटी माहिती, बनावट पासपोर्ट, गुन्हे यांना ते कुणासाठीच लागू नाही.

अशा अवस्थेला पोचलात तर माझ्यासारख्याचं ऐकू नका, पैसे मोजून माणूस गाठा. पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार वकिलांना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचं लायसन्स असणाऱ्यांना आहे. क्युबेकमध्ये नोटरींनाही. नाव त्यांच्या यादीत ऑनलाइन तपासता येतं. जो तुमच्या फाईलवर प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव घालायला तयार नाही, ‘फॉर्म मी भरतो, सही तुमची’ म्हणतो, त्याच्याकडून चहा पिऊन निघावं.

पैशांचं एकदा सांगून टाकतो. एप्रिल २०२४ च्या वाढीनंतर स्पॉन्सरशिप ८५, अर्जाची तपासणी ५४५ आणि पीआरचा हक्क ५७५, एकूण १,२०५ डॉलर झाले. ही फी दर दोन वर्षांनी वाढते, म्हणून भरण्याच्या दिवशी खात्याच्या साइटवर बघून भरा. बायोमेट्रिक्सचे म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो यांचे ८५ आणि डॉक्टरचे पैसे वेगळे. बायकोला किंवा नवऱ्याला स्पॉन्सर करायला सहसा किमान पगाराची अट नसते, मात्र पीआर झाल्या दिवसापासून तीन वर्षं तिचा खर्च उचलण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. लग्न मोडलं तरी ते मोडत नाही. आरोग्यविमा प्रांतागणिक बदलतो. काही प्रांतांत पीआर होण्याआधीही सरकारी विमा मिळू शकतो, तोवर खाजगी विमा काढलेला बरा. इथला एक रात्रीचा दवाखाना सगळ्या फी मिळून होतील त्याहून महाग पडू शकतो.

मग एक दिवस पीआर पक्की करायला सांगणारी पोर्टलची ईमेल येते. आता त्यासाठी सीमेवर जाऊन यावं लागत नाही. आपण कॅनडातच आहोत हे कळवायचं, फोटो चढवायचा, आणि पीआर झाल्याचा कागद ऑनलाइन उघडतो. व्हिजिटर रेकॉर्डचं काम तिथे संपलं. पण आनंदाच्या भरात त्याच संध्याकाळी भारताचं तिकीट काढू नका. परतीच्या विमानात चढायला पीआर कार्ड लागतं, आणि ते टपालाने यायला काही आठवडे जातात. कार्डाशिवाय गेलात तर तिकडून एका वेगळ्या प्रवासी कागदासाठी अर्ज करून वाट बघत बसावं लागतं, आणि जुना व्हिजिटर व्हिसा आता पीआर झालेल्या माणसाच्या कामाचा नाही. पुतण्याची मुंज कार्डाच्या आधी येत असेल तर ती व्हिडिओ कॉलवर.